दादाच्या तीन दुर्बिणी

माझ्या भावानं एका हिवाळ्यात बंदुकीवर लावायच्या तीन दुर्बिणी घेतल्या आणि तिन्ही वाईट निघाल्या, असं आमच्या घरात अजून सांगतात आणि हसतात. दादा गेला तेव्हा तेराव्याच्या जेवणाला, टोरांटोजवळच्या मिल्टनमधल्या एका भाड्याच्या हॉलमध्येसुद्धा, त्याच्या धाकट्या मुलीनं माईकवर हीच गोष्ट सांगितली. बाबांना कुठलीच वस्तू पसंत पडायची नाही, म्हणाली. लोक हसले, वहिनीही हसली. मी कागदी ताटली मांडीवर धरून बसले होते. त्या तिन्हींतली एकही दुर्बीण वाईट नव्हती. हे माहीत असलेली दोनच माणसं होती, त्यातलं एक गेलं. म्हणून लिहून ठेवते. मी चौथी शिकलेली बाई आहे, हात सावकाश चालतो, पण आठवण शाबूत आहे.

तेव्हा आम्ही मिल्टनला नव्हतो. टोरांटोपासून गाडीनं सात-आठ तास उत्तरेला, नदीकाठच्या एका गावात कागदाची मिल होती आणि दादा तिथं इंजिनियर होता. त्या मिलचा वास म्हणजे शिळा कोबी उकडत ठेवल्यासारखा. वारा आमच्या बाजूचा असला की वहिनी खिडक्यांच्या फटींत जुन्या साड्यांच्या चिंध्या कोंबायची. घर गावापासून बारा किलोमीटर लांब, एकटं, मागं झाडी आणि पुढं खडीचा रस्ता. तळघरात घर गरम ठेवणारी फर्नेस होती. ती कण्हत पेटायची आणि मग पाइपांतून कुणीतरी चमच्यानं ठोकत गेल्यासारखा आवाज सगळ्या घरभर फिरायचा. पहिले दोन महिने मी दचकायची, नंतर तो थांबला की दचकायची. गावाबाहेर अंगणवालं घर हवं, असा वहिनीचा तीन वर्षं हट्ट होता आणि दादा मिलच्या जवळची खोली सोडायला तयार नव्हता. माझे इकडं यायचे कागद आले आणि त्याच महिन्यात तो हो म्हणाला. वहिनीला वाटलं आपण जिंकलो. मलाही तसंच वाटलं होतं.

ज्वारीचं पीठ तिथं मिळत नसे. मक्याचं आणि गव्हाचं पीठ मिसळून मी भाकरी थापायची. वहिनीची मोडायची, माझी फुगायची. वहिनी कोल्हापुरात वाढलेली, बी.ए. झालेली, आणि भाकरी न येणं हा तिच्या मते शिकल्याचा पुरावा होता. कांदा-लसूण मसाल्याचं पार्सल बोटीनं महिनोन्‌महिने प्रवास करत यायचं. ते ती स्वयंपाकघरात न ठेवता आपल्या कपाटात साड्यांच्या मागं ठेवायची, माझा हात सढळ म्हणून. त्यामुळं मिलमधल्या पार्टीला ती नटून निघाली की तिच्या रेशमी साडीला मटणाच्या रश्श्याचा वास यायचा. मी कधी सांगितलं नाही.

मी सतरा वर्षांची होते. चौथीनंतर मला घरी बसवलं होतं, कारण मळ्यावर राखणीला माणूस पाहिजे होतं आणि दादा कोल्हापूरला बोर्डिंगात शिकत होता. दिवसा गोफणीनं पाखरं उडवायची आणि दिवस मावळताना डुकरं हाकायची. माळ्यावर बसून मी एक गोष्ट शिकले. अंधुक उजेडात डुकराकडं सरळ बघितलं की ते दिसत नाही. त्याच्या शेजारच्या बांधाकडं बघायचं, मग ते डोळ्याच्या कोपऱ्यात आपोआप उभं राहतं. हे मला कुणी शिकवलं नाही. सहा वर्षांत येतंच. शाळा मात्र अशी आपोआप येत नाही, आणि मला शाळा पाहिजे होती. दादानं पत्रात लिहिलं होतं की इकडं मोठ्या माणसांचीही शाळा असते, शालनला घालू. त्या एका ओळीवर मी विमानात बसले. शाळा खरंच होती. चर्चच्या तळघरात, मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता, इंग्रजी लिहायला-वाचायला शिकवायचे. मिसेस डॉयल नावाच्या बाईनं माझं नाव एका कार्डावर लिहून दिलं आणि जानेवारीत ये म्हणाली. बस नव्हती, वहिनीला गाडी येत नव्हती. दादानं नेलं आणि आणलं, तरच शाळा. तो नेईन म्हणाला होता.

नोव्हेंबर आला की मिलमधली निम्मी माणसं हरणामागं जायची. दादा म्हणायचा, जेवणाच्या सुट्टीत त्या महिन्यात दुसरं बोलणंच नसतं, आणि जो जात नाही त्याला कुणी टेबलावर सरकून जागा देत नाही. वडिलांकडं डुकरासाठी परवान्याची बंदूक होती, त्यामुळं आम्हाला बंदुकीचं नवल नव्हतं. दादाच्या फोरमननं, रॉयनं, त्याची जुनी रायफल दादाला दिली. वर लावायला दुर्बीण तुझी तू घे, म्हणाला. तिला स्कोप म्हणतात. हरीण दिवसभर झाडीत बसतं आणि उजाडताना किंवा मावळताना उघड्यावर येतं. कायद्यानं सूर्य बुडाल्यावर अर्धा तास बार टाकता येतो, पुढं नाही. म्हणजे सगळा कारभार त्या अर्ध्या तासाचा. त्या उजेडात ज्या काचेतून दिसेल ती काच चांगली, बाकीच्या शोभेच्या.

गावात लेन नावाच्या म्हाताऱ्याचं बंदुकांचं दुकान होतं. तो दादाला सांगायचा की दुकानात बघू नकोस, इथल्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच काचा चांगल्या दिसतात. दिवस मावळताना ये, मागच्या दारात उभा राहा आणि तिथल्या लाकडांच्या ढिगाकडं बघ. कुठल्या काचेतून ओंडक्याच्या चिरा मोजता येतात ती घे. दादा दुपारीच जायचा. मिल चारला सुटायची, तेव्हा का जात नाहीस, मी विचारलं. वेळ कुठं असतो, म्हणाला. मिल सुटली की तो तडक घरी यायचा. बायको-पोरांची ओढ आहे, असं वहिनी कौतुकानं सांगायची.

पहिली दुर्बीण नऊ पटीची घेतली. जेवढी पट जास्त तेवढी भारी, असं त्याला वाटलं. पहिल्याच दिवशी काळोख दिसला म्हणून आला आणि जेवताना पाकिटाच्या पाठीवर त्यानं मला गणित मांडून दाखवलं. पुढच्या काचेची रुंदी, भागिले किती पट. जे उत्तर येईल तेवढा उजेड डोळ्यात उतरतो. चाळीसला नवानं भागलं की जेमतेम साडेचार. मी म्हणाले, म्हणजे काच मोठी आणि पट लहान पाहिजे. तो वहिनीकडं बघून म्हणाला, "बघ, चौथीवालीला कळलं." मला फार बरं वाटलं होतं. त्यानं मला काही समजावून सांगावं असं तोवर कधी झालं नव्हतं. ते पाकीट मी बरेच दिवस जपून ठेवलं होतं, आता सांगायलाही लाज वाटते.

दुसरी चार पटीची घेतली, बत्तीसची. बत्तीस भागिले चार, आठ. गणितात पैकीच्या पैकी मार्क. तिच्यातूनही दिसेना. काच हलकी आहे, म्हणाला, आणि लेनला परत दिली. लेननं ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणे, यातून तर माझ्या बायकोलासुद्धा दिसतं आणि तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय. हे दादानंच घरी हसत सांगितलं. मग तिसरी आली, जर्मन, आठ पट आणि छप्पन्न, पुढचं तोंड आमटीच्या वाटीएवढं. याच्यापुढं काही नाही, लेननं सांगितलं होतं. वहिनी म्हणाली, एवढ्यात फ्रीज बदलून झाला असता.

शिकारीला तो मला बरोबर न्यायचा. वहिनीच्या मागं मुली होत्या, आणि रॉयबरोबर जायला तो टाळाटाळ करायचा. मी थर्मास घ्यायची, त्याची जुनी केशरी टोपी घालायची आणि लाकडं तोडून नेलेल्या मोकळ्या जागेच्या कडेला, पडलेल्या झाडाला टेकून आम्ही बसायचो. परत येताना त्याचा हात माझ्या खांद्यावर असायचा. निसरडं आहे, म्हणायचा. गाडीत म्हणायचा, हरीण आडवं येतं, तू पुढं लक्ष ठेव. मी ठेवायची. गावाकडंही, तो सुट्टीला यायचा तेव्हा आई मला शेवटच्या एसटीला फाट्यावर पाठवायची आणि तो माझं बोट धरून घरी यायचा. मी आठ-नऊ वर्षांची, तो मिसरूड फुटलेला. मला वाटायचं, मोठा भाऊ लहान बहिणीचा हात धरतो.

त्या दिवशी बर्फ नव्हतं, नुसती थंडी. सूर्य गेला तसं दादानं घड्याळ बघितलं आणि बंदूक त्या आडव्या झाडावर टेकवली. दहा-बारा मिनिटं झाली असतील. मी एका बुडख्याकडं बघत होते आणि डोळ्याच्या कोपऱ्यात हरीण उभं राहिलं. नर होता, शिंगं होती, गावाकडच्या आमच्या अंगणापासून विहीर होती तेवढ्या अंतरावर. मी दादाच्या कोपराला बोट लावलं. त्यानं दुर्बिणीला डोळा लावला.

"कुठं?"

मी हळूच सांगितलं, वाकड्या बर्चच्या डावीकडं. बर्चची साल पांढरी असते, आंधळ्यालाही दिसेल असं आपण म्हणतो तशी. त्यानं बंदूक डावीकडं नेली, पुन्हा उजवीकडं आणली. हरीण तसंच उभं.

"कुठला बर्च?"

त्यानं डोळा पुसला, दुर्बिणीची मागची कडी फिरवली, पुन्हा बघितलं. मग बंदुकीचा खटका बंद केला, स्वतः बाजूला सरकला आणि म्हणाला, तू बघ.

मी बघितलं. त्या काचेतून बाहेरच्यापेक्षा जास्त उजेड होता, कसा ते मला अजून कळलेलं नाही. हरणाच्या कानाच्या आतले केस दिसले. एका शिंगाचं टोक मोडलेलं होतं. इतकी सुंदर वस्तू मी तोपर्यंत हातात धरली नव्हती.

"दिसतंय?"

"दिसतंय."

"काय दिसतंय?"

"नाकातून वाफ निघतेय," मी म्हणाले.

हरीण झाडीत गेलं, तेही त्याला मीच सांगितलं. मग तो म्हणाला, "म्हणजे काच चांगली आहे."

मी मूर्ख नव्हते. आई त्याला आठवड्यातून दोनदा कलेजी खायला घालायची, पहिली वाढ त्याला, आम्हाला नुसता रस्सा. डोळ्याला चांगली असते, म्हणायची. अभ्यासाचे डोळे, असं मी समजत होते. फाटा, शेवटची एसटी, बोट, दुपारी दुकानात जाणं, चारला घर गाठणं, गावाबाहेरचं घर, माझे कागद. त्या झाडाला टेकून बसल्या बसल्या सगळं एकाला एक जोडत गेलं. वहिनीच्या बाळंतपणाला मदत म्हणून मला आणलं, असं सगळ्यांना सांगितलं होतं. लग्न जमवताना मुलाला रातांधळेपणा आहे हे आईनं लपवलं होतं आणि लपवलेलं ओढायला मला धाडायचं ठरवून ठेवलं होतं. आईला मरून तेव्हा वर्ष झालं होतं, तिला विचारायची सोय नव्हती.

मी विचारलं, "आणि माझी शाळा?"

त्याला वाटलं असेल की मी आधी त्याच्या डोळ्यांबद्दल विचारेन. तो म्हणाला, "सहा वाजता अंधार असतो, शाले."

"मी सांगेन ना रस्ता. आत्ता सांगते तसा."

"आणि तू वर्गात असताना मी बाहेर अंधारात एकटा बसणार, कुणी मला काही विचारलं तर? तिथं मिलच्या बायका येतात." मग थोड्या वेळानं, "हिला सांगू नकोस. मिलमध्ये कळलं तर संपलं."

मी त्याला गाडीपर्यंत आणलं. हात खांद्यावर होता, पण निसरडं आहे असं तो म्हणाला नाही. तिसरी दुर्बीण त्यानं दुसऱ्याच दिवशी परत दिली आणि ही पण वाईट निघाली, असं सगळीकडं सांगितलं. रॉयनं टेबलावर त्याची भरपूर चेष्टा केली. चेष्टा करताना माणसं सरकून जागा देतात, त्यामुळं त्याचं काम झालं.

डिसेंबरात सकाळी आठलाही काळोख असतो आणि चारला पुन्हा पडायला लागतो. दादानं मला मिलच्या कँटीनमध्ये भांडी घासायला लावलं. सकाळी त्याच्याबरोबर जायचं, संध्याकाळी त्याच्याबरोबर यायचं. शेजारच्या सीटवर बसून मी बोलत राहायची. डावीकडं घे, वळण आलं, समोरून ट्रक, हळू, पुढं माणूस. आपला रस्ता, आपली गाडी, डोळे माझे. जानेवारीचा शेवट आला तेव्हा मिसेस डॉयलचं कार्ड आलं. वहिनीनं ते जेवताना वाचून दाखवलं. "वन्सं, तुमची बाई विचारतेय, जागा ठेवलीय, आला का नाहीत." दादानं ताटातून मान वर केली नाही. मी म्हणाले, मला नोकरी लागली, आता वेळ नाही. वहिनी म्हणाली, शाळा शाळा म्हणून आलात आणि पैसा दिसल्यावर विसरलात. दादानं भाकरी मागितली. मी वाढली.

पाच हिवाळे हे चाललं. चौथ्यात आम्ही एका माणसाला मारलं असतं. काळा कोट घालून रस्त्याच्या कडेनं चालला होता, मी पोरींच्या फ्लूनं दोन रात्री झोपले नव्हते आणि माझं सांगणं उशिरा निघालं. बाजूचा आरसा त्याच्या बाहीला घासून गेला. मी थांब म्हणाले. दादा थांबला नाही. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी कान देऊन ऐकत होते, कुणी काही बोललं नाही, तेव्हा तो माणूस चालत घरी पोचला असं मी समजले. दादाला पाप लागलं असं मी म्हणणार नाही. सीटवर मीही होते, आणि परत दुसऱ्या दिवशी बसले. पुढं मिलच्या डॉक्टरनं डोळे तपासले तेव्हा सगळं बाहेर आलं. बाहेर म्हणजे दादा, डॉक्टर आणि ऑफिस, एवढंच. त्याला दिवसाचं टेबलावरचं काम मिळालं, बढतीसारखंच दिसलं ते. वहिनीला डोळ्यांवर ताण आहे असं सांगितलं. गाडी वहिनी शिकली. मी तेवीस वर्षांची झाले होते आणि मिसेस डॉयल गाव सोडून गेली होती.

दादानं मला कधी वाईट वागवलं नाही, हे लिहिलं पाहिजे. दिवाळीला साडी दिली, लग्न लावून दिलं. पण त्या संध्याकाळबद्दल मरेपर्यंत एक शब्द बोलला नाही. दुर्बिणींची गोष्ट तोच सगळ्यांना सांगायचा, मी बसलेली असताना, आणि प्रत्येक वेळी जर्मन काचेला नावं ठेवायचा. कधी कधी वाटतं, त्या दिवशी मी मलाही काही दिसत नाही असं म्हणाले असते तर. त्यानं दुर्बीण परत दिली असती, ती तर दिलीच. पण मला दिसतं हे त्याला माहीत झालं नसतं. नाही, माहीत होतंच. पण मी ते कबूल केलं नसतं.

माझी नात रेवा आता तिच्या मैत्रिणींबरोबर हरणाच्या शिकारीला जाते. तिच्या आईला आवडत नाही, मला काही वाटत नाही. गेल्या महिन्यात तिनं दोन स्कोप मागवले, एक ठेवायचा, एक परत करायचा, आणि किचनच्या झगझगीत दिव्याखाली भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसली होती. मी म्हणाले, हे बंद कर आणि दिवस मावळताना मागं चल. बॅकयार्डात तिला उभं केलं आणि कुंपणापलीकडच्या झाडांकडं बघायला लावलं. पाकिटावरचं गणितही सांगितलं. तिनं फोनवर तपासलं आणि म्हणाली, "ओ माय गॉड आजी, यू आर राइट."

मग तिनं मोठ्या काचेचा स्कोप माझ्या हातात दिला. तू बघ ना आजी, तुझं मोतीबिंदूचं झाल्यापासून तुला माझ्यापेक्षा जास्त दिसतं. ये ना माझ्याबरोबर या सीझनला. तू नुसती बस, आणि दिसलं की सांग. गाडी मी चालवते.

मी डोळा लावला. कुंपणाच्या फळीतला गंजलेला खिळा दिसला. त्यामागं मॅपलच्या फांदीवर खार बसली होती, तिची शेपटी वाऱ्यानं विंचरल्यासारखी एका बाजूला झुकली होती. पोर चांगली आहे, तिच्या मनात काही नव्हतं, हे मला कळत होतं.

"दिसतंय?" तिनं मराठीत विचारलं.

"नाही," मी म्हणाले, आणि स्कोप तिच्या हातात परत दिला. "मला काही दिसत नाही. तुझं तू बघ."